पलीकडच्या काठचा सांड

भुऱ्याच्या पाठीवर काठी बसली तेव्हा तो बाजूला झाला नाही. मान वळवून मनसारामकडे पाहत राहिला. दहा वर्षांत या माणसाची काठी त्याच्या अंगाला लागली नव्हती. तांबीच्या शेपटीशी नाक नेऊन, वरचा ओठ दुमडून तो उभा होता. सांडाने जे करायचं तेच करत होता.

दुसरी काठी शिंगाच्या बुडाशी लागली. भुऱ्या फुरफुरला आणि चार पावलं मागे सरला.

"काऊन मारून राह्यले जी त्याले?" सोनीबाईने विचारलं.

ती मोहाच्या झाडाखाली तांबीचा कासरा धरून उभी होती. बोरटोल्याची जनावरं रोज सकाळी गावाबाहेरच्या या आखरावर गोळा व्हायची आणि इथून ढोरकी त्यांना जंगलात चारायला न्यायचा. मनसाराम गावचा ढोरकी. त्याच्याआधी त्याचा बाप. बापाच्या वेळी आखरावर पाय ठेवायला जागा नसायची. आता लहानमोठी धरून एकतीस जनावरं होती आणि उरलेल्या जागेत तरोटा वाढला होता.

"मी मुद्दाम आनली तिले," सोनीबाई म्हणाली. "रातपासून हंबरून राह्यली. माजावर हाये. आज भरली तं चैतात वासरू होईल."

"कोवळी हाये अजून."

"कोवळी? तीन वर्साची झाली. इची माय एवढीच होती ना तवा."

"मले दिसते ना, बाई. एक खेप थांब. एकवीस दिसांनी पुना येईल."

सोनीबाईने वाद घातला नाही. जनावराच्या बाबतीत ढोरक्याचा शब्द शेवटचा, ही गावची रीत. कोणता गोऱ्हा बडवून बैल करायचा, कोणता सांड म्हणून ठेवायचा, कोणती गाय कधी भरवायची, वासराचं नाव काय, सगळं तोच सांगायचा. तिने तांबीला ओढत परत नेलं. तांबी दोनदा थांबून भुऱ्याकडे वळली. मनसारामने भुऱ्याच्या गळ्यात दोर टाकला आणि त्याला मोहाला बांधून ठेवलं. त्या दिवशी जनावरं सांडाविना जंगलात गेली.

तांबी भुऱ्याची लेक होती. तांबीची आई मोरी, तीही भुऱ्याचीच लेक. गावात हे आणखी कोणी लक्षात ठेवलं नव्हतं. ते लक्षात ठेवणं ढोरक्याचं काम.

चिखलणीचे दिवस होते. पऱ्हे, म्हणजे धानाची रोपं, गुडघ्याला आले होते आणि गावात दोनच ट्रॅक्टर फिरत होते. सोनीबाईची बांधी, म्हणजे धानाचं शेत, तळ्याच्या खाली, अगदी खोलगट. मागल्या साली तिथे सुनिलचा ट्रॅक्टर अर्धा रुतून बसला आणि काढायला अर्धा दिवस गेला. यंदा त्याने सरळ सांगितलं, "काकी, तुमच्या बांधीत मी नाई येत. बैलच लावा."

सोनीबाईकडे एकच बैल, भोंड्या. मोरीचा पहिला गोऱ्हा. मनसारामने जोडीला आपला बैल दिला आणि नांगर स्वतः धरला. पाऊस थांबला होता, पण वर आभाळ तसंच भरलेलं. चिखल पिंढरीपर्यंत. भोंड्याच्या पुढच्या पायांच्या नळ्या बारीक, खूर पसरट, त्यांच्या फटींत माती अडकायची. तिसऱ्या फेरीला त्याचा उजवा गुडघा दुमडला. मग डावा. जू एका बाजूला कलंडलं आणि मनसारामचा बैल मान वाकडी करून उभा राहिला.

शेजारच्या बांधीत रोवणा, रोपांची लावणी, चालू होता. सात-आठ बाया वाकलेल्या. त्यातली एक कंबर सरळ करून म्हणाली, "सोनीबाई, बैल झोपला का वो? चादर घालून दे त्याले."

बाया हसल्या. सोनीबाईही हसली. मग तिने लुगडं वर खोचलं आणि चिखलात उतरली. मनसारामने जुवाच्या खिळी काढल्या. दोघांनी भोंड्याच्या पोटाखाली बल्ली घातली आणि दोन बाजूंनी खांदे लावले. बैल नाकातून चिखलाचे फुगे काढत होता. तिसऱ्या उचलीला उठला. मनसारामच्या छातीत कळ आली आणि तो बैलाच्या पाठीवर हात टेकून तसाच थांबला. बैल थरथरत होता. ते थरथरणं त्याच्या तळहाताला लागत होतं.

"नाई चालनार आता तो," तो म्हणाला.

"चालन. थोडा दम घेऊ द्या." सोनीबाईने भोंड्याच्या डोळ्यांतला चिखल पदराने पुसला. "याचा काय गुना हाये, भाऊ? माह्या गोठ्यालेच दोष हाये. पयला असा. त्याच्या पाठची आंधळी. मोरी बी तिसऱ्या वेतानंतर गेली. बकरा देल्ला, कोंबडे देल्ले. मागल्या दिवाळीत गायगोधनाच्या मिरवनुकीले पाटलीनबाईनं सप्पाइच्या पुढं मले म्हटलं, तुहं ढोर सप्पाइच्या मागून आन. आनलं. कोनाची गाय व्याली का मी त्याइच्या घराकडून जात नाई. उगाच कोनाले बोलाले जागा काऊन द्याची?"

सगळ्यांच्या मागून यावं लागल्याची तिच्या आवाजात तक्रार नव्हती. पऱ्हे कमी पडतील का, हे ती ज्या आवाजात विचारायची, तोच आवाज.

मनसारामने भोंड्याला धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, नेलं. उरलेली बांधी त्याने एकट्या बैलाला लहान फळी लावून आणि स्वतः फावड्याने चिखल करत दोन दिवसांत केली. सोनीबाईने तिसऱ्या दिवशी पायलीभर तांदूळ आणून दिले. तो नको म्हणाला. ती ओसरीवर ठेवून गेली.

भुऱ्याला बांधल्यापासून सहाव्या दिवशी डॉक्टर भाग्यश्री आली. जनावरांची डॉक्टर. चंद्रपूरकडची पोरगी, गावरान जनावरांवर काम करणाऱ्या एका संस्थेत होती. धानोऱ्याहून स्कूटी घेऊन यायची आणि बूट हातात घेऊन आखरावर फिरायची. इथली लहान चणीची, चिखलात न दमणारी ही कठाणी गाय टिकली पाहिजे, असं ती चार गावांत सांगत होती. नुसती गाय नव्हे, ती निवडायची अक्कलही. म्हणून वही घेऊन ढोरक्यांकडे बसायची.

"सांड कसा निवडता, मनसारामभाऊ?"

हे विचारलं की मनसारामचं तोंड मोकळं व्हायचं. "दुसऱ्या पावसाळ्यात गोऱ्ह्याले चिखलातून चालवून पाहाचं, मॅडम. ज्याचा खूर मिटलेला, तो चिखल धरत नाई. पाय उचलला का आवाज झाला पायजे, पच्च करून. आवाज नाई झाला तं तो बडवाचा. मंग त्याची माय पाहाची. वाघाचा वास आला का जी गाय पोराले सोडून पळते, तिचा गोऱ्हा नाई ठेवाचा."

"आणि सांड किती वर्षांनी बदलता?"

मनसारामने भुऱ्याकडे पाहिलं. तो मोहाला बांधलेला होता, सहा दिवसांपासून, आणि दोराच्या टप्प्यातलं सगळं गवत संपलं होतं.

"तीन," तो म्हणाला. "तीन पावसाळे झाले का सांड नदी ओलांडते. चौथ्या पावसाळ्यात त्याच्या लेकी माजावर येतात ना. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमचा सांड पलीकडं, पलीकडचा इकडं. पैसा नाई घ्याचा. नारळ अन् दुपट्टा. माह्या बापापासून हाये."

भाग्यश्री लिहीत होती. "किती सुंदर पद्धत आहे. पुस्तकात जे आम्ही शिकतो, तेच तुम्ही करताय. या भुऱ्याच्या वंशाचे गोऱ्हे आपण दुसऱ्या गावांना देऊ. पंधरा दिवसांनी फोटोवाला घेऊन येते."

तिने वही त्याच्यापुढे केली. नातीच्या पाटीवर तो उतारवयात अक्षरं शिकला होता. बोट लावून त्याने वाचलं. द-र ती-न व-र्षां-नी. खाली त्याचं नाव होतं.

रात्री जेवताना गोकुळाने भात वाढला आणि समोर बसली. बायको म्हणून पन्नास वर्षं ती त्याचं ताट पाहत आली होती. भात तसाच होता.

"मॅडमले काय सांगलं?" तिने विचारलं.

"तीन वर्सं."

तिने भाताचं भांडं बाजूला सरकवलं. मग म्हणाली, "मी बी चूप राह्यली. वाघ तुमच्यावर आला अन् भुऱ्या मधात उभा राह्यला, त्या दिसापासून मी त्याले रोज भाकर देते. माहं कुंकू त्यानं राखलं. त्या साली लालसूभाऊ सांड घेऊन आले तं मी मनात म्हटलं, देवा, याले नेऊ नको देऊ. तुमी खोटं बोलले, मले बरं वाटलं."

"तुही काय चूक?"

"सोनीबाईची आंधळी वासरी तुमी खांद्यावर घेऊन जंगलात गेले. आल्यावर तीन डाव हात धुतले. मी पानी ओतत होती. तवा माईत होतं ना मले." तिने ताट उचललं. "लालसूभाऊकडं जा. अजून पंधरा दिस हायेत."

लालसू नदीपलीकडच्या गावचा ढोरकी. गोंड. मनसारामच्याच वयाचा. दोघांचे बाप एकमेकांना सांड देत-घेत आले होते. सात वर्षांपूर्वी पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी लालसू आपला काळा सांड घेऊन, काखेत नारळ आणि नवा दुपट्टा धरून बोरटोल्याच्या आखरावर आला होता. मनसारामने आदल्या संध्याकाळीच गावात सांगून ठेवलं होतं, लालसूच्या सांडाला खुरी झाली आहे, पायातून पाणी गळतं, आपल्या जनावरांत येऊ द्यायचा नाही. गावाने लालसूला नीट बोलूही दिलं नाही. पोरांनी सांडाला दगड मारले. एक दगड लालसूच्या पाठीत बसला. तो नदी उतरून परत गेला. मनसाराम मोहाआड उभा राहून पाहत होता आणि भुऱ्याच्या मानेवर त्याचा हात होता. पुढच्या साली बदलू, असं तेव्हा त्याने मनाशी म्हटलं होतं. पुढच्या सालीही म्हटलं होतं.

बाराव्या दिवशी दुपारी तो नदी उतरला. पाणी मांडीला लागत होतं. लालसू गोठ्यापुढे बसून दोर वळत होता. त्याने पाहिलं, दोर वळायचा थांबवला नाही.

"बस," तो म्हणाला. "बोकड्याच्या पेंडीवर नको बसू. ओली हाये."

मनसाराम खालीच बसला.

"तुह्या काळ्या सांडाले खुरी नव्हती," मनसाराम म्हणाला.

"मले सांगून राह्यला? मीच तं त्याचे पाय धुवत होतो." लालसूने पायाच्या अंगठ्यात दोर ताणला. "तुही खबर सात गावांत गेली. कोनी त्याले उभा करे ना. मंग मी त्याले बडवलो. नांगराले जुपलो. असा सांड, मनसाराम, नांगराले."

"हं."

"काऊन केलं तू?"

"मले भुऱ्याले देववलं नाई."

लालसूने पहिल्यांदा त्याच्याकडे पाहिलं. "मले वाटे का गोंडाचा सांड नको म्हनून."

"नाई रे, लालसू. तसं नाई."

"नाई तं नाई. सात वर्सं तं मले तेच वाटलं."

गोठ्यात एक गोऱ्हा उभा होता. अडीच-तीन वर्षांचा, पांढुरका, कान आखूड, खूर मिटलेले. मनसारामची नजर आपोआप तिकडे गेली आणि पायांवर अडकली.

"पाह्य, पाह्य. तुह्या डोळ्याले दुसरं दिसतच नाई," लालसू म्हणाला. "याच्या मायले घेऊन मी दोन दिस पायी सासुरवाडीले गेल्तो. तिथच्या सांडाचा हाये. कोनी सांड देल्ला नाई तं मी गाय नेली. नियम मोडला नाई."

मनसारामने सोनीबाईच्या तांबीचं सांगितलं. भोंड्याचं, आंधळ्या वासरीचं, सगळं. लालसूने ऐकून घेतलं.

"देईन," तो म्हणाला. "नारळ नको. पन मी तुह्या आखरावर पाय ठेवनार नाई. तू सप्पाइपुढं बोल. तांबीच्या एकविसाव्या दिशी मी काठावर याले घेऊन उभा राहीन. तू बलावू नको. सोनीबाईनं येऊन बलावलं तं सांड पान्यात उतरवीन. ती नाई आली तं मी समजीन, तू बोलला नाई. मंग माहा रस्ता मले माईत हाये."

"अन् भुऱ्या?"

"सांडाच्या बदली सांड. नियम तोच हाये ना?"

मधले दिवस पाऊस लागून राहिला. रोवणे उरकत आले. मनसाराम सकाळी भुऱ्याला गवत कापून टाकायचा, संध्याकाळी त्याच्या मानेखालची पोळी खाजवायचा. भुऱ्याची हाडं वर आली होती. पोरांसारखा तो भाकरीसाठी गोकुळाच्या पदराला तोंड लावायचा. एकदा मनसारामच्या मनात आलं, पुराने नदी चढली तर बरं होईल. मग तो स्वतःवरच थुंकल्यासारखा बाजूला थुंकला. एकोणिसाव्या दिवशी उघाड पडली आणि पाणी उतरलं.

एकविसाव्या दिवशी पहाटेच तांबी हंबरायला लागली. तिचा आवाज मनसारामच्या ओसरीपर्यंत येत होता.

आखरावर लोक जनावरं सोडायला आले. भाग्यश्रीही आली होती, फोटोवाल्याला घेऊन. सुनिल ट्रॅक्टर रस्त्यावर चालू ठेवूनच आपली गाय घेऊन आला होता. सोनीबाई सर्वांच्या मागे, मोहाखाली. मनसारामने काठी जमिनीवर ठेवली.

"मले दोन बोल बोलाचे हायेत."

"बोला, मामा, पन लवकर," सुनिल म्हणाला. "डिझेल जळून राह्यलं."

"सात वर्साआंदी लालसूच्या सांडाले खुरी नव्हती. मी खोटा बोललो. भुऱ्याले द्याचा नव्हता म्हनून." "तवापासून भुऱ्या आपल्या लेकीवर चालला. लेकीच्या लेकीवर चालला. वासरं आंधळी झाली, लुली झाली, ती त्याच्यानं. मले माईत होतं."

फोटोवाल्याने कॅमेरा खाली घेतला. सुनिल रस्त्याकडे गेला, ट्रॅक्टर बंद करून परत आला.

"माह्या बापानं सहा गाई धानोऱ्याच्या बाजारात देल्ल्या," तो म्हणाला. "गावरान जात बुडाली म्हनून. तुमीच तवा मान हालवली होती, मामा."

"हो."

"जात बुडाली नव्हती?"

"जात बुडाली नव्हती. मी सांड बदलला नाई."

सुनिलने आपल्या गाईच्या पाठीवरून हात फिरवला आणि शिवी दिली. कोणाला, ते कळलं नाही. मनसाराम भाग्यश्रीकडे वळला. "मॅडम, ते तीन वर्सं लिवलं ना. ते खोडा."

तिने वही उघडली होती. "खोडत नाही, भाऊ," ती हळू म्हणाली. "खाली लिहिते. एकदा न बदलल्यावर काय झालं तेही."

सोनीबाई मोहाखालून पुढे आली. तांबी तिच्यामागे ओढ घेत होती.

"माह्या गोठ्याले दोष नव्हता?"

"नव्हता, बाई."

"ती आंधळी झाली तवा तुमी आले होते. तुमीच उचलून नेली. तवा तुमाले माईत होतं?"

"होतं."

"माह्या नवऱ्यानं मले सा मयने मोरीजवळ जाऊ देल्लं नाई," ती म्हणाली. "माह्याच हाताचा गुन म्हने. तो मरेपावतर म्हनतच राह्यला. तुमी रोज सकाळी आमच्या दारावरून ढोरं नेत होते ना, भाऊ."

पलीकडच्या काठावर लालसू उभा असल्याचं आणि त्याची अट मनसारामने खाली मान घालून सांगितली. सोनीबाईने ऐकलं. कासरा हाताला एकदा गुंडाळला, पुन्हा सोडला. मग कोणाकडे न पाहता ती तांबीला घेऊन नदीच्या वाटेला लागली. तिच्या चालीवरून ती घरी वळणार की नदीवर जाणार, हे फाट्यापर्यंत कळलं नाही. फाट्यावर ती नदीकडे गेली.

मनसारामने भुऱ्याचा दोर सोडला आणि अंतर ठेवून मागे निघाला. तो पोचला तेव्हा सोनीबाई पाण्याच्या कडेला उभी होती. पलीकडे लालसू, त्याच्या हातात पांढुरका सांड. लालसू बसला नव्हता. पहाटेपासून तसाच उभा असावा.

"लालसूभाऊ, हो," सोनीबाईने हाक दिली. तिने तळहात तोंडाशी धरून पुन्हा हाक दिली. "आना जी सांड. तुमचा सांड चांगला हाये म्हनतात."

लालसू पाण्यात उतरला. दोन सांड समोरासमोर आले तर जुंपतील म्हणून मनसाराम भुऱ्याला वरच्या अंगाला घेऊन गेला. गोऱ्हा पाण्यातून येताना प्रत्येक पाऊल गाळातून सुटताना आवाज येत होता. पच्च. पच्च. काठावर चढला आणि तांबीच्या शेपटीशी नाक लावलं. तांबी उभी राहिली. सोनीबाईने तिच्या कपाळावर हात ठेवला आणि तोंड नदीकडे फिरवलं.

सगळं झाल्यावर लालसू वर आला आणि मनसारामच्या हातातून दोर घेतला.

"म्हातारा झाला रे."

"हो. याले सकाळी भाकर लागते. अर्धी चालते."

"देईन."

भुऱ्या पाण्यापाशी अडला. मनसारामने त्याच्या पुठ्ठ्यावर थाप मारली. तो निघाला. मनसारामला वाटलं, मधल्या वाळूवर तो वळून पाहील. भुऱ्या पलीकडे चढला आणि पहिल्याच गवताला तोंड लावलं.

गाय भरली की घरधन्याने ढोरक्याच्या दुपट्ट्यात गूळ-तांदूळ टाकायचे, ही रीत. सोनीबाईच्या पदराला गाठ होती. ती सकाळीच बांधून आली असणार, तेव्हा तिला काही माहीत नव्हतं. मनसाराम उभा होता तिथेच उभा राहिला. तिने गाठ सोडली, गुळाचा खडा मोडला, अर्धा गोऱ्ह्याला चारला, अर्धा तांबीला. तांदूळ नदीत टाकले.

"वासराचं नाव मी ठेवीन," ती म्हणाली.

"हो, बाई."

ती तांबीला घेऊन गावाकडे निघाली. गोऱ्हा तांबीच्या मागे. मनसाराम सवयीने पुढे व्हायला गेला. ढोरकी पुढे आणि जनावरं मागे, जन्मभर तो असाच चालला होता.

"भाऊ," सोनीबाई न थांबता म्हणाली, "तुमी सप्पाइच्या मागून या."

मनसाराम वाटेच्या कडेला सरला. गाय गेली. सांड गेला. काठी आखरावरच राहिली होती. मोकळे हात घेऊन तो त्यांच्या मागून चालायला लागला.